उणे एकशे चोवीसची लवकी

मेडशीच्या गोजराबाईंसमोर ‘अंदाजे’ हा शब्द बोलायची सोय नाही. कोणी सहज म्हणालं, वांग्याची ओळ अंदाजे वीस फूट असेल, की बाई कमरेला खोचलेला टेप काढतात, एक टोक त्याच्या हातात देतात आणि दुसरं घेऊन चालायला लागतात. ओळ वीस फूट निघाली तर ठीक. साडेअठरा निघाली, तर त्या माणसाचं त्यापुढचं बोलणं त्या अर्ध्या कानानंच ऐकतात.

त्यांचं वय एकोणसाठ वर्षं आणि चार महिने. हे मी त्यांनाच विचारून लिहितो आहे. शिक्षण चौथीपर्यंत. नवरा चंपतराव, नाल्याकाठी अडीच एकर रान, त्यात वांगी, दोडकी, कोथिंबीर आणि मांडवावर लवकी. पुस्तकात जिला दुधी भोपळा म्हणतात ती. लग्नानंतर काही वर्षं त्यांनी घरी शिलाईयंत्र चालवलं होतं. यंत्र गेलं, टेप राहिला.

त्यांची मुलगी उज्ज्वला हिला स्थळ आलं तेव्हाची गोष्ट मेडशीत अजून सांगतात. मध्यस्थ म्हणाला, मुलगा साडेपाच फूट आहे. पोहे झाले, चहा झाला आणि बाईंनी होणाऱ्या जावयाला भिंतीशी उभं राहायला सांगितलं. वरपक्षाची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मुलगा मात्र उठला, पायातल्या चपला स्वतःहून काढून बाजूला ठेवल्या आणि भिंतीला टेकला. पाच फूट सव्वाचार इंच. मध्यस्थानं रुमाल काढून मान पुसली. गोजराबाई म्हणाल्या, “पावनेदोन इंच कमी हाय. पन चपला न सांगता काढल्या. पोरगं खोटं नाई.” लग्न ठरलं. आता उज्ज्वलाला दोन मुलं आहेत, आणि त्यांच्या उंचीच्या रेघा आजोळच्या दारावर तारखेसकट आहेत.

मी विकास, जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला गणित शिकवतो. माझा आवाज मोठा असल्यामुळं शेलूबाजारला कुठलाही कार्यक्रम असला की माइक माझ्याकडं येतो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तिथं भाजीपाला उत्पादक मंडळानं तीन दिवसांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हाही तो माझ्याकडंच होता. म्हणून पुढं जे झालं त्यात थोडा दोष माझाही आहे, आणि तो मी मान्य करून टाकतो.

प्रदर्शनात स्पर्धा होत्या. सर्वांत मोठं कोहळं, सर्वांत वजनदार वांगं, सर्वांत लांब मुळा, सर्वांत लांब लवकी. गोजराबाईंच्या मांडवावर त्या वर्षी एक लवकी सरळ खाली लोंबत वाढत होती. बाई रोज सकाळी तिला टेप लावायच्या आणि आकडा मांडवाच्या खांबावर खडूनं लिहायच्या. खांबावर जागा संपली तेव्हा त्यांनी ठरवलं, आता तोडायची आणि शेलूबाजारला न्यायची.

मेडशीहून वाशिम जिल्ह्यातलंच मालेगाव आणि तिथून शेलूबाजार, दोन एसट्या बदलून त्या ती लवकी घेऊन आल्या. जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळून, मांडीवर आडवी घेऊन. शेजारच्या बाईनं पाय दिसतील म्हणून खालच्या बाजूनं लुगडं उचलता उचलता विचारलं, “झोपलं का लेकरू?” गोजराबाई म्हणाल्या, “लेकरू नाई, लवकी हाय.” त्या बाईनं लुगडं पुन्हा नीट झाकलं आणि ती जरा सरकून बसली.

आता मोजणीची व्यवस्था सांगतो, कारण सगळं तिथंच घडलं. दोन कार्यकर्ते स्टीलच्या पट्टीनं मोजायचे आणि मिलिमीटरपर्यंतचं माप कागदाच्या चिठ्ठीवर लिहून भाजीला चिकटवायचे. त्याची दुसरी चिठ्ठी टेबलावर बसलेल्या शिवम सरांकडं जायची. शिवम सर वाशिमच्या एका कॉलेजात नुकतेच लागले होते, सव्वीस वर्षांचे, बारीक आवाजाचे. ते आकडा लॅपटॉपमध्ये टाकायचे, आणि त्यांनी लिहिलेला प्रोग्राम क्रमवारी लावून यादी छापायचा. मंडळाचे अध्यक्ष अमरसिंग यांना या व्यवस्थेचा फार अभिमान होता. या वेळी वशिला नाही, वादावादी नाही, कॉम्प्युटर सांगेल तो निकाल, असं त्यांनी उद्घाटनात तीनदा सांगितलं.

दुपारी चार वाजता मंचावर माझ्या हातात लवकीची यादी आली. मंडळाची इच्छा होती की भाग घेतलेल्या सगळ्यांची नावं मापासकट वाचावीत, म्हणजे कोणी नाराज होणार नाही. मी वाचायला सुरुवात केली. पहिले, किन्हीराजाचे उकंडराव, एकशे सव्वीस सेंटिमीटर. टाळ्या. सत्तरीचे उकंडराव धोतर सावरत आले, चषक घेतला, फेटा बांधून घेतला. मग एकशे अठरा, एकशे अकरा, असा मी खाली खाली येत गेलो. शेवटी दोन नावं उरली. एका लयीत आलो होतो, थांबलो नाही.

“बारावे, फुलचंदभाऊ, उणे एकशे चोवीस सेंटिमीटर. आणि बाराव्याच, मेडशीच्या गोजराबाई, उणे एकशे चोवीस सेंटिमीटर.”

माइकमधून हे सगळ्या बाजारात गेलं. मागून कोणीतरी विचारलं, “जमिनीत वाढली का गुर्जी?” मंडप हसण्यानं भरून गेला. परीक्षेत भोपळा मिळालेली मुलं मी पंचवीस वर्षं पाहतो आहे, पण भोपळ्यालाच उणे मिळालेले मी पहिल्यांदा वाचले होते, तेही स्वतःच्या तोंडानं.

फुलचंद हा शेलूबाजारचाच, गोल चेहऱ्याचा, कशाचंच वाईट वाटून न घेणारा माणूस. तो सगळ्यांबरोबर हसत होता. गोजराबाई हसत नव्हत्या. त्यांनी आपली लवकी उचलली, पायऱ्या चढून मंचावर आल्या आणि ती पाहुण्यांच्या टेबलावर, उकंडरावांच्या लवकीशेजारी ठेवली. बुडं एका रेषेत लावली. त्यांची लवकी चार बोटं पुढं आली. ती नुसती दिसत होती, टेपाची गरजही नव्हती.

“गुर्जी,” त्या मला म्हणाल्या, “तुमी पोराईले गनित शिकवता ना?”

“हो बाई.”

“उणे म्हंजे काय?”

“शून्यापेक्षा कमी.”

“मंग हे शून्यापेक्षा कमी दिसून राह्यलं का तुमाले?”

माइक चालूच होता. मी तो बंद करायला गेलो तर त्यातून शिट्टीसारखा आवाज आला आणि लोक पुन्हा हसले.

अमरसिंग मधे आले. म्हणाले, “बाई, निकाल कॉम्प्युटरनं लावला. कॉम्प्युटर चुकत नाही.”

“कॉम्प्युटर नसन चुकत. पन मी लवकी हातात घिऊन आली. उणे लवकी कोनी आनली असन तर त्याले बोलवा, मी घरी जाते.”

अमरसिंगांनी माझ्या हातातला माइक घेतला. त्यांनी उद्या सकाळी दहाला चौकशी होईल असं जाहीर केलं. तोवर उकंडराव फेट्यासकट, चषकासकट किन्हीराजाच्या जीपमध्ये बसून निघूनही गेले होते.

दुसऱ्या दिवशी दहाला गोजराबाई पहिल्या एसटीनं हजर होत्या. सोबत चंपतराव होते. चंपतराव फार बोलत नाहीत. ते लवकी सांभाळायला आले होते. शिवम सर टेबलाशी बसले होते आणि त्यांचा चेहरा पाहून वाटत होतं की त्यांना काय झालं ते कळलं आहे, फक्त सांगायचं कसं ते कळत नाही.

“मावशी, चूक माझी आहे,” ते म्हणाले. “प्रोग्राम मी ज्युलियात लिहिलाय, आणि त्यात...”

“ज्युलिया कोन?”

“ती... शास्त्रीय आकडेमोडीची भाषा आहे.”

“भाषा हाय तर बोलून दाखव.”

शिवम सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. ते म्हणाले, “बोलायची नाही मावशी. लिहायची असते. कॉम्प्युटरला हिशेब सांगायला.”

“बरं. मंग ज्युलियानं माही लवकी उण्यात काहून घातली?”

इथून पुढं जो तास गेला तसा तास मला कॉलेजातही कोणी शिकवलेला नव्हता. शिवम सर मोठ्या शब्दांनी सुरू करायचे, बाई मान हलवायच्या नाहीत, मग ते शब्द सोडून कागदावर चित्र काढायचे. हळूहळू प्रकार कळला तो असा.

कॉम्प्युटरमध्ये आकडा ठेवायला खण असतात. काही मोठे, काही लहान. कुठल्या खणात ठेवतो त्यावरून आकड्याचा प्रकार ठरतो. मोठ्या खणात दशांश चिन्हासकट आकडा राहतो. सगळ्यांत लहान खणात दशांश मावत नाहीत, फक्त पूर्ण आकडे, आणि तेही उणे एकशे अठ्ठावीसपासून एकशे सत्तावीसपर्यंतच. शिवम सरांनी आधी एक प्रोग्राम लिहिला होता, शेतातल्या मातीचा ओलावा मोजणाऱ्या छोट्या यंत्रासाठी. यंत्रात जागा कमी, म्हणून लहान खण घेतले. ओलावा काही शंभर टक्क्यांच्या वर जात नाही, त्यामुळं तिथं सगळं व्यवस्थित चाललं. प्रदर्शनासाठी त्यांनी तोच प्रोग्राम घेतला, ओलाव्याच्या जागी लांबी घातली आणि चहा प्यायला गेले.

“मंग एकशे सत्तावीसच्या पुढचं आलं तर?” बाईंनी विचारलं.

शिवम सरांनी कागदावर एक मोठं वर्तुळ काढलं आणि त्याच्या कडेनं आकडे लिहिले. “हे घड्याळासारखं आहे. बारा वाजल्यावर तेरा वाजत नाहीत, पुन्हा एक वाजतो. तसं इथं एकशे सत्तावीसच्या पुढचं घर उणे एकशे अठ्ठावीसचं.”

बाईंनी वर्तुळावर बोट ठेवलं. “माही लवकी एकशे बत्तीस पॉइंट सात. म्हंजे एकशे सत्तावीसच्या पुढं पाच घरं आन वर सात दशांश.”

“हो. दशांश आधीच कापले जातात. राहिले एकशे बत्तीस.”

“पाच घरं.” त्यांनी बोट सरकवायला सुरुवात केली. “उणे एकशे अठ्ठावीस. सत्तावीस. सव्वीस. पंचवीस. चोवीस.” बोट थांबलं. त्यांनी वर पाहिलं. त्यांचा राग गेला नव्हता, पण हिशेब जुळल्याचं समाधान चेहऱ्यावर लपत नव्हतं. “बराबर हाय. चुकलं, पन बराबर चुकलं.”

चंपतरावांनी लवकी एका मांडीवरून दुसरीवर घेतली.

“पन ह्या ज्युलियाले डोळे नाईत का?” बाई म्हणाल्या. “लहान डब्यात मोठी वस्तू घालून राह्यलो, बसत नाई, एवढं तं तिनं सांगाव.”

शिवम सर लाल झाले. “सांगितलं होतं तिनं. मागं यंत्राच्या वेळी एकदा दशांश असलेला आकडा बसेना, तेव्हा ती अडली होती. हा आकडा या प्रकारात बसत नाही, असं लिहून प्रोग्राम बंद पाडला होता. मग मी एक चिन्ह घालून तिला सांगितलं की विचारू नकोस, बसेल तेवढं कोंब. ते चिन्ह तसंच राहिलं.”

“म्हंजे पोरगी खरं बोलत होती, तुमी तिचं तोंड दाबलं.”

“हो,” शिवम सर म्हणाले. हे त्यांनी इतक्या प्रामाणिकपणे कबूल केलं की बाईंनी पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून त्यांच्यापुढं ठेवला.

सरांनी ते चिन्ह काढलं, मोठा खण घेतला आणि पुन्हा यादी काढली. आता गोजराबाई पहिल्या होत्या. एकशे बत्तीस. त्यांच्याबरोबर फुलचंदही पहिला होता. एकशे बत्तीस. दोघं मिळून तळाशी होते, ते तसेच जोडीनं वर आले.

“फुलचंदची किती होती मोजलेली?” बाईंनी विचारलं. चिठ्ठी काढून पाहिली. एकशे बत्तीस पॉइंट दोन.

“मंग बराबरी कशी?”

“दशांश कापतो ना आपण. यादी सुबक दिसावी म्हणून.”

मी म्हटलं, प्रत्यक्ष दोन्ही लवक्या शेजारी ठेवून बघू. फुलचंदला निरोप धाडला. तो स्कुटीवर आला, हात पुसत. लवकी कुठं आहे विचारलं तर म्हणाला, “काल संध्याकाळीच चण्याची डाळ घालून भाजी केली. उण्यातली लवकी ठिऊन काय करतो? बारा मानसं जेवली. चांगली झाली होती.”

म्हणजे फुलचंदची लवकी आता फक्त त्या चिठ्ठीवर उरली होती. अमरसिंगांनी चिठ्ठी हातात घेऊन ती उलटसुलट पाहिली, जणू मागं काही लिहिलेलं असेल.

शिवम सरांना उपाय सुचला. “कापायचं नाही. जवळच्या पूर्ण आकड्याला न्यायचं. एकशे बत्तीस पॉइंट सातचे होतात एकशे तेहतीस, पॉइंट दोनचे एकशे बत्तीस. मावशी एकट्या पहिल्या.” त्यांनी कळ दाबली, यादी आली, आणि तसंच झालं होतं. अमरसिंगांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मी माइककडं हात नेला.

पण बाई यादी हातातून सोडेनात. त्यांनी लवकीचं पान उलटून मुळ्यांचं पान काढलं होतं आणि चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातून एकेक चिठ्ठी त्याच्याशी लावून पाहत होत्या.

“हे किसनसिंगचं पाहा. मुळा मोजला साडेअठ्ठावन. इथी लिवलं अठ्ठावन. अर्धं असलं की वर न्याव का खाली?”

“आपण शाळेत वर नेतो,” मी म्हटलं. हे मला नक्की माहीत होतं.

“ज्युलिया बरोबर अर्धं असलं की सम संख्येकडं नेते,” शिवम सर म्हणाले. “साडेअठ्ठावनचे अठ्ठावन, साडेएकोणसाठचे साठ. नेहमी वरच नेलं तर मोठ्या हिशेबात बेरीज फुगते, म्हणून शास्त्रज्ञांनी तसं ठरवलंय.”

“शास्त्रज्ञाईचं राहू द्या. किसनसिंगचा अर्धा सेंटिमीटर गेला. आन हे हेमसिंग. मोजला सत्तावन पॉइंट सहा, लिवला अठ्ठावन. काल किसनसिंग एकटा पहिला होता. आज दोघं बराबर.”

किसनसिंग आणि हेमसिंग हे सख्खे भाऊ. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मुळ्याचा पहिला नंबर दोघांत वाटून दिला असता तर काय झालं असतं, ते अमरसिंगांना माझ्याआधी कळलं. ते खुर्चीत बसले.

“बाई, तुमचा नंबर तर आला ना पहिला,” ते म्हणाले. “मुळ्याचं आपण मग पाहू.”

“माहा नंबर आला म्हून किसनसिंगचा मुळा कापू का? मले काल कापलं तवा मी दोन एसट्या बदलून आली. त्यानंबी याव का?”

बाईंनी यादी टेबलावर ठेवली आणि शिवम सरांकडं वळल्या. आवाज आता शिक्षिकेसारखा होता. “तुमी पूर्ण आकडा करताच कायले? पट्टीनं मोजलं एकशे बत्तीस पॉइंट सात. चिठ्ठीवर लिवलं एकशे बत्तीस पॉइंट सात. मोठ्या डब्यात मावते ना?”

“मावतं.”

“मंग तसंच राहू द्या. जे मोजलं ते लिवा. सुबक नाई दिसलं तर नाई दिसलं.”

शिवम सरांनी सगळे बदल काढून टाकले. प्रोग्राम निम्मा झाला. त्या दिवसातली तिसरी यादी आली, ती दशांशांनी भरलेली, वाकडीतिकडी दिसणारी. मी ती माइकवर वाचली. या वेळी प्रत्येक आकड्याआधी थांबत, आणि वर पाहत. गोजराबाई एकशे बत्तीस पॉइंट सात. फुलचंद एकशे बत्तीस पॉइंट दोन. उकंडराव एकशे सव्वीस पॉइंट चार. मुळ्यात किसनसिंग एकटा पहिला. वांग्यांच्या वजनातही दोन नंबर इकडचे तिकडं झाले, कारण तिथं तर ग्रॅममध्ये मोजलेलं सगळंच त्या लहान खणात कोंबलं गेलं होतं आणि साडेसातशे ग्रॅमचं एक वांगं उणे अठरावर जाऊन बसलं होतं. लवकीच्या गोंधळात ती यादी आदल्या दिवशी नुसती फलकावर लागली होती, आणि त्या वांग्याच्या मालकानं लाजून तक्रारच केली नव्हती.

आता बक्षिसं परत घ्यायची होती. हे काम कोणी करावं यावर मंडळाची बैठक झाली आणि ते माझ्यावर आलं, कारण नावं मी वाचली होती. दुसऱ्या नंबरचा डबा आणि तिसऱ्याची छत्री मिळायला त्रास झाला नाही. चषक उरला. अमरसिंगांनी जीप दिली. शिवम सर म्हणाले, चूक माझी, मी येतो. गोजराबाई म्हणाल्या, लवकी माही, मीबी येते. चंपतराव न विचारता मागं बसले.

किन्हीराजाला उकंडरावांच्या घरी पोचलो तेव्हा चषक टीव्हीवर ठेवला होता आणि त्याला हळदकुंकू लावलेलं होतं. सून विजयमाला आमच्यासाठी पाणी घेऊन आली आणि सांगायला लागली की सकाळपासून पन्नासेक माणसं बघून गेली, पेढे दोनदा आणले. मी शिवम सरांकडं पाहत होतो, ते माझ्याकडं. शेवटी बाईंनीच सांगितलं. खण, घड्याळ, एकशे सत्तावीस, सगळं. शिवम सरांपेक्षा निम्म्या वेळात.

उकंडराव ऐकत बसले. मग म्हणाले, “आना पाहू लवकी.”

चंपतरावांनी ती लुगड्यातून काढून त्यांच्या पुढं धरली. म्हातारबांनी तिच्यावरून शेंड्यापासून बुडापर्यंत हात फिरवला.

“मले स्टेजवरच दिसली होती,” ते म्हणाले. “माह्यापेक्षा चार बोटं जास्त. म्हटलं, कॉम्प्युटरनं मोजलं, इतले शिकलेले लोक बसले, आपन काहून बोलाव. रातभर बरं नाई वाटलं मले.” त्यांनी लवकीवरून हात काढला. “आता मी कितवा?”

“तिसरे,” मी म्हटलं.

“उण्यात तं नाई ना?”

“नाही. एकशे सव्वीस पॉइंट चार.”

“पॉइंट चार काल कुठी होतं?”

“काल कापलं होतं,” शिवम सर म्हणाले.

“म्हंजे माही लवकी वाढली,” उकंडराव म्हणाले, आणि सुनेला हाक मारली. “विजयमाला, तो चषक पुसून दे बाईले. आन सैपाक टाक.”

आम्ही तिथं जेवलो. वाढताना विजयमालानं गोजराबाईंना बियाणं कुठून आणलं ते विचारलं आणि बाईंनी कोणालाच न सांगितलेली गोष्ट, म्हणजे मांडवाला ताण किती द्यायचा आणि फळाला खालून वजन कधी बांधायचं, ती तिला जेवणभर सांगितली. छत्री मी उकंडरावांना दिली. घेतली, उघडून पाहिली, आणि घरातच उघडी धरून जरा वेळ बसले.

चषक मेडशीला गेला. शिवम सरांनी मला पुढच्या महिन्यात फोन केला. म्हणाले, गुरुजी, दुसऱ्या वर्षाला आकड्यांचे प्रकार आणि त्यांची अदलाबदल शिकवायची आहे. मी तीन वेळा शिकवून पाहिलं, मुलं झोपतात. मावशी येतील का?

गोजराबाई आल्या. नवं लुगडं नेसून, चंपतरावांना घेऊन. कॉलेजच्या वर्गात चाळीसेक मुलंमुली बसली होती. शिवम सरांनी त्यांची ओळख करून दिली, आणि बाईंनी खडू घेऊन फळ्यावर एक मोठं वर्तुळ काढलं, थोडं लांबट आलं. मग वर्गाकडं वळून विचारलं, “एकशे सत्तावीसनंतर काय?”

“एकशे अठ्ठावीस,” सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला.

“नाई,” बाई म्हणाल्या. “कोनत्या डब्यात ते इचारलं का तुमी मले?”

वर्ग जागा झाला. वैभवी नावाच्या एका मुलीनं तेव्हाच उठून विचारलं की मग उलट, लहान डब्यातलं मोठ्या डब्यात नेलं तर काही बिघडतं का. बाईंनी शिवम सरांकडं पाहिलं. सर म्हणाले, नाही बिघडत, पण जे दशांश आधी कापले गेले ते परत येत नाहीत. बाई म्हणाल्या, हे मले मायीत नव्हतं, आणि तो मुद्दा त्यांनी फळ्यावर लिहून घेतला. त्या तासाला वीस मिनिटं दिली होती, तो पाऊण तास चालला.

परतीच्या एसटीत मी त्यांच्या शेजारी होतो. कसा झाला तास, विचारलं. त्या म्हणाल्या, “पोरं हुशार हायत. फकत इचारत नाईत.” मग त्यांनी खिडकीला डोकं टेकलं आणि मालेगाव येईपर्यंत झोपल्या. चंपतराव त्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी मला खुणेनं, आवाज न करता, पिशवीत वर्गातल्या मुलांनी दिलेलं गुलाबाचं फूल दाखवलं.